धवलारणीचा आवाज मी राखला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलकही नाही. डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका आगरी घराच्या माडीवर मी भिंतीला टेकून उभा असतो.

१९९३ साली ठाण्यातल्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. नौपाड्यातल्या एका वकिलांच्या कचेरीत मी कामाला लागलो. सुरुवातीला मला पाहायला लोक चपला काढून आत येत. वकीलसाहेब मला मखमली कापडाने झाकत. पुढे नवा, वेगवान संगणक आला. ते कापड त्याच्यावर गेले आणि मी कपाटामागे. तिथे एका पालीने माझ्या पोटात अंडी घातली.

दुरुस्तीला येणारा उत्तम म्हात्रे एकदा म्हणाला, "भंगारात कशाला देता, साहेब? मी नेतो." अशा रीतीने मी या घरी आलो. इथेही नवा संगणक होताच, म्हणून मी माळ्यावर पडून राहिलो.

उत्तमची आई कलावतीबाई धवलारीण होती. लग्नविधीत धवले गाणारी. तिच्या धवल्यांशिवाय आसपासच्या गावांत लग्न लागत नसे. १९९८ मध्ये तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज राहणार नाही."

तो आवाज नव्या संगणकात भरून ठेवायला उत्तमची बायको मालन माईक घेऊन सासूसमोर बसली. पण कलावतीबाई गाईना. मागे एका कॅसेटवाल्याने तिच्याकडे धवले मागितले होते, बेंजोच्या तालावर नाचायला. तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले होते.

"माजा गला या डब्यान ठेवशील," ती उत्तमला म्हणाली, "आनी कोनी चोरून नेला तं?"

उत्तमने शिडी लावली. मग त्याने मला माळ्यावरून उतरवले. ब्रशने धूळ काढली, मोठी हार्ड डिस्क बसवली, माझ्यात लिनक्स ही वेगळी प्रणाली घातली. आत येण्याच्या साऱ्या वाटा बंद करून नव्या संगणकाकडून येणारी एकच ठेवली.

"आये, नव्यावर आम्ही रोजचं काम करू. हा फक्त राखण करील. बाहेरची फोनची तार याला जोडणारच नाय. आत जायला परवलीचा शब्द लागेल. तो तूच सांग."

ती मालनच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली. तो शब्द मला ठाऊक आहे. तो मी तुम्हालाही सांगणार नाही.

मग ती गायली. आवाज फाटे, ती घोटभर पाणी पिई आणि पुन्हा सुरू करी. प्रत्येक धवला नव्या संगणकात उतरे आणि त्याची प्रत माझ्याकडे येई. दिवाळीनंतर ऑपरेशन झाले. ती वाचली, पण मुकी होऊन घरी आली.

पुढच्या एप्रिलमध्ये उत्तमने कुणाकडून तरी आणलेल्या सीडीतून नव्या संगणकात विषाणू शिरला. एके सकाळी तो सुरूच होईना. त्याची डिस्क कोरी झाली होती. मालन जमिनीवरच बसली. "सगळं गेलं हो. आईंना काय सांगू आता?"

"याच्यात असेल," उत्तम माझ्याकडे बघत म्हणाला.

नव्याची दुरुस्ती होताच तो मला जोडला गेला. मालनने परवलीचा शब्द टाइप केला. माझ्याकडे होते ते सारे मी दिले. स्पीकरमधून आधी खाकरल्याचा आवाज आला, मग धवला. कलावतीबाई कठड्याला धरून जिना चढून आली. स्वतःचा आवाज ऐकत उभी राहिली. रडली नाही. माझ्या गरम पाठीवर तिने तळहात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या सगुणाला हाताला धरून घेऊन आली. सगुणा नुकतीच लग्न होऊन गावात आली होती. कलावतीबाईने आधी माझ्याकडे बोट दाखवले, मग सगुणाच्या गळ्याकडे.

"आई, हिला ऐकवू?" मालनने विचारले. कलावतीबाईने मान डोलावली.

सगुणा रोज येऊन त्या आवाजाबरोबर गाऊ लागली. चुकली की कलावतीबाई हात वर करी, मग पुन्हा पहिल्यापासून. असे कितीतरी महिने चालले. एका दुपारी धवला मध्यावर आला असताना कलावतीबाई उठली आणि तिने स्पीकर बंद केला. सगुणा दचकली, पण थांबली नाही. एकटीच शेवटपर्यंत गात गेली. म्हातारीचा हात एकदाही वर झाला नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना भंगारात घालण्याआधी एकदा उघडून पाहा. जिवाभावाच्या गोष्टीची दुसरी प्रत ठेवा, तिला कुलूप लावा. पण तिथेच थांबू नका. माझी डिस्कही एक दिवस बंद पडणार आहे. त्याआधी कुणाला तरी शेजारी बसवा आणि शिकवा.