दोन थापा

लग्नाच्या गाठी वर बांधल्या जातात म्हणे. बस डेपोतल्या गाठी खालीच, साहेबांच्या टेबलावर बांधल्या जायच्या, आणि त्यातली सगळ्यांत घट्ट गाठ या दोघांची होती. अकरा वर्षं एकच गाडी, ड्रायव्हर पुढे, कंडक्टर मागे. डेपो त्यांना सुईदोरा म्हणायचा.

हा कंडक्टर घंटी वाजवत नसे. गाडी सोडायची झाली की ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायचा. "आमचा कंडक्टर दिवसभर थापा मारतो," असं ड्रायव्हर सांगायचा आणि सगळे हसायचे. लोकांना ती लकब वाटे. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. तीन वर्षांपासून ड्रायव्हरचे कान दगा देत होते. इंजिनाच्या घरघरीत घंटी त्याला ऐकूच येत नसे, पत्र्यावरची थाप मात्र पाठीला कळे. ही गोष्ट फुटली असती तर स्टिअरिंग हातातून गेलं असतं, आणि निवृत्तीला अजून दोन वर्षं होती.

मग नवी पद्धत आली. प्रत्येक ड्रायव्हरने आवडीच्या क्रमाने कंडक्टरांची नावं द्यायची, कंडक्टरांनी ड्रायव्हरांची, आणि कॉम्प्युटर जोड्या जुळवणार. कुणी कुणाला कितवं ठेवलं ते गुप्त.

"आपल्याला कसली धास्ती?" कंडक्टर म्हणाला. "तू मला पहिलं टाक, मी तुला. देवाचा बाप आला तरी तुटायचं नाही."

सगळ्यांनी आपापली यादी स्वतःच्या बोटाने कॉम्प्युटरमध्ये भरली; ड्रायव्हरने ठरल्याप्रमाणे कंडक्टरचं नाव पहिलं टाकलं. आठवड्याने जोड्या लागल्या. सुई एकीकडे, दोरा भलतीकडेच.

घरी येऊन ड्रायव्हरने कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याची मुलगी कॉलेजात गणित शिकवायची. "बाबा, त्या बिचाऱ्याला शिव्या नका देऊ," म्हणत तिने शिवणाच्या डब्यातली बटणं टेबलावर मांडली. काळी बटणं ड्रायव्हर, पांढरी कंडक्टर. "परदेशात शिकाऊ डॉक्टरांना हॉस्पिटलं अशीच जुळवून देतात. नियम एकच. आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे पळून जावंसं दोघांनाही वाटेल, अशी दोन माणसं शिल्लक राहता कामा नयेत."

"आणि दोघांनीही एकमेकांचं नाव पहिलंच टाकलं असेल तर?"

"मग प्रश्नच मिटला." तिने एक काळं आणि एक पांढरं बटण एकमेकांना चिकटवून ठेवलं. "बाकीच्यांनी काय वाट्टेल ते लिहू दे, ही जोडी तुटूच शकत नाही. दोन ओळींत सिद्ध होतं."

बोलता बोलता तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला. "म्हणजे... कॉम्प्युटरही कधी कधी चुकतो हं, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. पोरीला खोटं बोलायची सवय नव्हती.

ड्रायव्हर ते पांढरं बटण बघत बसला. अकरा वर्षं ज्याच्याकडे बिनधास्त पाठ करून बसलो, त्यानेच पाठीत सुरा खुपसला. "तुझ्या कानांची मला आता भीती वाटते गड्या, तू दुसरा बघ," असं तोंडावर म्हणाला असता तर त्याने ब्र काढला नसता. भीती खरीच होती. पण हातावर हात मारून शब्द दिला आणि मागच्या मागे नाव खाली ढकललं, याने त्याच्या जिवाची आग झाली.

सकाळी डेपोत कंडक्टर दोन कप चहा घेऊन आला. ड्रायव्हरच्या हातात एक देऊन मोकळा हात त्याच्या खांद्यावर टाकला. "त्या मेल्या कॉम्प्युटरने घात केला रे आपला! मी तर तुझंच नाव पहिलं टाकलं होतं. आईशप्पथ."

ड्रायव्हर मग म्हणाला, "माझंच चुकलं. मी तुझं टाकलं नव्हतं."

त्याला वाटलं, आता तरी हा ओशाळेल. म्हणेल, नाही रे, खोटं मीच बोललो.

कंडक्टरचा चेहरा आधी उजळला. मग भान आल्यासारखा त्याने तो पाडला. "अकरा वर्षांचं हे फळ दिलंस?" तो म्हणाला. "जाऊ दे. मी मनावर घेत नाही."

ड्रायव्हरने चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवला. एक थाप कंडक्टरने मारली होती, एक त्याने स्वतः. दोन झाल्या की निघायचं असतं. तो निघाला, पण गाडीकडे नाही. साहेबांच्या खोलीकडे, आपल्या कानांचं सांगायला.