शांत झोपेचं तेल

"खोल श्वास घ्या मॅडम. लॅव्हेंडर आहे, पाच मिनिटांत मन शांत होईल," तेजल म्हणाली. उज्ज्वलाताईंनी खोल श्वास घेतला आणि फोनवर सुनेला पुन्हा झाडायला सुरुवात केली. त्यांचे पाय चोळणाऱ्या भागीबाईने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या सुगंधोपचार केंद्रात सहा वर्षं ती हेच बघत होती. मालकीण तेजलचा कोर्स आठ दिवसांचा. पण संत्र्याच्या वासाने ती लोकांची उदासी घालवायची, लॅव्हेंडरने रक्तदाब उतरवायची. उथळ पाण्याला खळखळाट फार! तिच्या गावी, पेठकडे बांधावर फुकट उगवणारा गवती चहा इथे बाटलीतून आला की बायका डोळे मिटून माना डोलवायच्या. भागीबाईला त्यांची कीव नव्हे, शिसारी यायची.

कामावर आलं की तिथल्याच साबणाने अंघोळ करायची, हातांना तिथलंच तेल चोळायचं, ही तेजलची सक्ती. "तुमच्या अंगाला चुलीचा वास येतो," असं ती पहिल्याच दिवशी नाक मुरडून म्हणाली होती. तो अपमान भागीबाई अजून विसरली नव्हती.

दुपारी तिच्या भावाचा, काळूचा फोन आला. "आईचं काय खरं नाय. तुझंच नाव घेती. दिवाळीत जरा तरी दिसत व्हतं, आता दिसत नाय, ऐकूबी कानात वरडलं तरच येतं. हात हुंगून माणूस वळखती."

"जा, पण परवा या," रजा मागितल्यावर तेजल म्हणाली आणि एक बाटली पुढे केली. "उशीवर दोन थेंब टाका. शांत झोपतील."

भागीबाईने ती बाटली बसस्टँडवरच्या कचऱ्यात फेकली.

घरी पोचताच तिने आईचा, बयाबाईचा हात हातात घेतला. बयाबाईने तो हुंगला, मऊ तळव्यावर अंगठा फिरवला आणि घाईने डोक्यावर पदर ओढला. "काळू, दवाखान्यातल्या बाई आल्या. खाट झटक."

काळू तिच्या कानात ओरडला, "आई, भागी हाय!"

"भागीचा हात असा नाय," म्हातारी ठामपणे म्हणाली.

भागीबाईने चुलीतली राख घेतली आणि कोपरापर्यंत हात घासले, कातडी लाल होईपर्यंत घासले. पुन्हा हात पुढे केला. बयाबाईने पुन्हा हुंगला. मग परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "बाई, आज सुई नका देऊ. माझी पोरगी नाशकाहून यायची हाय. तिला भेटले की मंग द्या."

भागीबाईने डोळे पुसले आणि दवाखान्यातली बाई धरते तशी आईची नाडी धरून ती बसून राहिली.