ना इकडची, ना तिकडची

आई जाऊन चाळीस दिवस झाले, त्या दुपारी जुलेखाला कपाटात स्वतःचा अर्ज सापडला. पाच वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, भारताच्या नागरिकत्वासाठी तिनं सही करून भावाकडे दिलेला. अब्बासनं तो कचेरीत दिलाच नव्हता.

जुलेखा रोह्याचीच, कुंडलिकेकाठच्या मोहल्ल्यात जन्मलेली. सतराव्या वर्षी लग्न होऊन बोटीनं कराचीला गेली आणि पाकिस्तानी झाली. मूलबाळ नाही. नवरा वारल्यावर, नव्वद साली, लकवा झालेल्या आईला बघायला व्हिसावर आली. अब्बास म्हणाला, "आपा, राह इथंच. पण साहेब म्हणतो, आधी तिकडचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला हवा."

तिनं ते सोडलं, पासपोर्ट परत केला. अर्ज आणि मुक्कामाची मुदत वाढवायचं काम अब्बासनं अंगावर घेतलं. ती आईचं हगणंमुतणं काढत राहिली. मधूनमधून विचारायची, "कागद आला काय?"

"सरकारी काम हाय. येल."

आता अर्ज हातात धरून ती ओटीवर आली. अब्बास पान लावत बसला होता.

"हा दिला का नायस?"

त्यानं मान वर केली नाही. "दिला असता तर तू हिकडची झाली असतीस. मग घरात वाटा मागितला असतास."

"मी कवा मागितला रे?"

"आता मागूच शकत नायस," अब्बास म्हणाला आणि पान तोंडात घातलं.

जुलेखा त्याच पावली पोलीस ठाण्यात गेली. तिला वाटलं, खरं सांगितलं की कोणीतरी ऐकेल. इन्स्पेक्टरनं सगळं ऐकलं, तारखा पाहिल्या आणि मुदत संपूनही राहिल्याबद्दल तिला अटक केली. सहा महिने शिक्षा झाली, त्यानंतर देशाबाहेर काढायचा हुकूम.

महिपती हवालदार आणि एक महिला शिपाई तिला आगगाडीनं सरहद्दीवर घेऊन गेले. फाटकापलीकडच्या अधिकाऱ्यानं दाखला वाचला. खालची सही तिचीच होती.

"बीबी, आपने खुद छोडा है. आप हमारी नहीं."

फाटक बंद झालं. परतीच्या गाडीत रोहा जवळ आलं तेव्हा महिपती म्हणाला, "पेणला माझ्या पोरीचा साखरपुडा होता काल. तुझ्यापायी चुकला."

"माफ करा," जुलेखा म्हणाली.

तिला ठेवायचं कुठं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. इन्स्पेक्टरनं अब्बासला बोलावलं. "जामीन राहा आणि घरी न्या. वरून उत्तर येईपर्यंत."

अब्बास टोपी सारखी करत उभा होता. "साहेब, परदेशी बाई मी घरात कशी ठेवू? मी कायद्यानं चालणारा माणूस."

"अब्बास," जुलेखा म्हणाली, "मा गेली तवा तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. तू पाय धरून रडत व्हतास. तवा मी परदेशी नव्हते?"

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "लिहून घ्या साहेब. माझा हिच्याशी संबंध नाय."

लिहून घेतलं. त्यानं ठसठशीत सही केली आणि नमस्कार करून गेला.

जप्तीच्या सायकली ठेवायच्या खोलीत जुलेखासाठी सतरंजी पडली. आवार ओलांडायचं नाही, एवढाच नियम. ती झाडायची, चहा करायची. वरून उत्तर आलं नाही. इन्स्पेक्टर बदलून गेला. नव्यानं विचारलं, ही कोण? महिपती म्हणाला, "आहे अशीच."

दोन वर्षांनी हातभट्टीच्या केसमध्ये मैना नावाची बाई आत आली. जुलेखानं तिला गजांतून चहा दिला, केसातला गुंता सोडवून वेणी घालायला घेतली. हीही शिक्षेवरचीच बाई असेल असं वाटून मैनेनं विचारलं, "तुमची सुटका कवा, मावशी?"

"माझी शिक्षा कवाच संपली गो."

मैनेनं तिच्याकडे नीट पाहिलं. बाई वेडी दिसतेय, असं तिला वाटलं. तिनं जुलेखाच्या हातातून वेणी सोडवून घेतली आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन बसली.