डावीकडचे त्रिकोण

दुपारी ढग जमिनीला टेकले तेव्हा बाबा विमान घेऊन वर होते. पेट्रोल संपायची वेळ होऊन गेली होती. अंधारापूर्वी सापडले नाहीत तर मिनेसोटातली जानेवारीची थंडी त्यांना सोडणार नव्हती.

शोधणारी विमानं दक्षिणेला नदीवर फिरत होती, कारण बाबा नेहमी तिकडेच जात. मोठ्या विमानतळाच्या आसपास उडायचं तर ट्रान्सपाँडर लागतो. रडारने विचारलं की तो विमानाची ओळख आणि उंची सांगतो. बाबांच्या विमानासारख्या, इंजिनावर वीज तयार न होणाऱ्या, बॅटरीच्या रेडिओवर भागवणाऱ्या जुन्या विमानांना त्यातून सवलत आहे. अट एकच, विमानतळाभोवतीच्या आतल्या वर्तुळात शिरायचं नाही.

मी रडारवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण वाटला.

"आतल्या वर्तुळात एक फिकट ठिपका होता, मॅडम. ओळख नाही, उंची नाही. मला पक्षी वाटले. उत्तरेच्या दलदलीवर नाहीसा झाला."

आमची गवताची धावपट्टी सांभाळणारा मर्ल, बाबांचा जुना दोस्त, शेजारी उभा राहून ऐकत होता.

"आत? आर्विड? अगं सिग्ने, तुझा बाप रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबतो. मागच्यांच्या शिव्या खातो, पण थांबतो! नदीच बघू दे त्यांना. उजेड चाललाय."

"ठिपका सरळ गेला?" मी फोनवर विचारलं.

"नाही. थोडा सरळ, मग वळण. पुन्हा तेवढाच सरळ."

"वळताना गोल, की कोपरा करून?"

"कोपरा करून."

"कुठल्या बाजूला?"

तो परत बघत असावा. "डावीकडे. दर वेळी."

मर्ल खुर्चीत बसला.

रेडिओ मेला की डावीकडे त्रिकोण काढत राहायचं. मला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, कोणीतरी या. ही जुन्या वैमानिकांची खूण, आता कोणी शिकवत नाही. बाबांनी मला ती जेवणाच्या टेबलावर मीठदाणी फिरवून दाखवली होती. पण वर्तुळाबाहेर त्रिकोण काढले तर बघणार कोण? आत शिरलं तर निदान कोणी दचकेल. म्हणून ते शिरले.

"सगळ्यांना उत्तरेला वळवा," मी म्हणाले. "आत्ता. मी फोनवर असतानाच सांगा त्यांना."

त्याने सांगितलं. मला ऐकू आलं.

विमान दलदलीच्या बर्फावर उतरलेलं सापडलं. एक चाक मोडलं होतं, बाकी सगळं धड. बाबा पंखाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. हेलिकॉप्टरवाल्यांनी बराच वेळ प्रयत्न केले, पण बाबांचा श्वास परत आला नाही.

"गेला रे आत," मर्ल भिंतीकडे बघून म्हणाला. "माझा आर्विड आत गेला."

फोन अजून चालू होता.

"मॅडम," तो तरुण म्हणाला, "मी बघत होतो. तो वळत होता आणि मी बघत होतो."

मी फोन कानाशीच धरून ठेवला.