खोपोलीला गेलेला बाप

अठ्ठावन्न-एकोणसाठची गोष्ट. पोशीरच्या नामाचं लग्न काही ठरेना. पोरगा धडधाकट, घरचं भाताचं रान, पण सोयरिकीचे पाहुणे गावात एकाला तरी विचारायचेच, 'घराण्यात काही?' आणि तो एक नेमका नको तेवढा खरं बोलायचा. नामाचा बाप आबाजी वेडा होता हो! बारा महिने नव्हे. एरवी असा गोड माणूस की मुंगीलाही वाट देईल, पण आगोट, म्हणजे पावसाची सुरुवात, जवळ आली की घरच्यांनाही ओळखेनासा व्हायचा आणि नदीवर जाऊन बसायचा.

गावाची दोन मतं. अर्धं गाव म्हणे, रक्तातच आहे, आबाजीचा आजाही असाच भटकायचा. अर्धं म्हणे, थोरला मुलगा पदू पुरात वाहून गेला तेव्हापासून बिचारा फिरलाय. नामाला दुसरं मत खरं असावं असं फार वाटे, कारण पहिलं खरं असलं तर ते त्याच्याही अंगात असायचं. ठाण्याच्या डॉक्टरांना त्यानं विचारूनही पाहिलं. ते म्हणाले, थोडं रक्तातून येतं, थोडं माणसाला सोसावं लागतं त्यातून. बापाला झालं म्हणून मुलाला होईलच असं नाही. म्हणजे धड 'हो' नाही की धड 'नाही' नाही!

लोधिवलीचा गोमा आपली पोर जनी द्यायला तयार झाला, तशी नामाच्या आईनं, येसूबाईनं, साऱ्या आळीला शपथ घातली. सुपारी फुटून लग्न पक्कं होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. तिच्या कपाळावर कुंकू, तेव्हा नवरा नाहीच असं म्हणता येईना; मग ठरलं, खोपोलीला बहिणीकडे गेलेत म्हणायचं. आबाजीला सकाळीच वालाच्या शेतात धाडला. पोपटी लाव म्हटलं, म्हणजे दिवसभर तिकडेच रमेल.

तिथंच घोळ झाला. माघाचे दिवस, वालाच्या शेंगा टंच भरलेल्या. भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजणाऱ्या शेंगांचा वास सुटला की आपल्याकडचा माणूस सरळ पुढे जाईल होय? गोमा आणि त्याची माणसं आडवाटेनं येत होती, ती वासामागं वळली. आबाजीनं कोण-कुठले न विचारता त्यांना बांधावर बसवलं, मडकं उपडं केलं, पोटभर खाऊ घातलं.

गोमा नामाच्या घरी पोचला तो त्या म्हाताऱ्याचंच कौतुक करत. असा माणूस ज्या घरात असेल तिथं पोर डोळे झाकून द्यावी, म्हणाला. येसूबाईनं हातातलं तबक खाली ठेवलं. आळीतली माणसं खाली बघू लागली. नामाच्या मनात आलं, गप्प बसलो तर जनी मिळते, पण बाप कायमचा खोपोलीला जातो.

"तो माजा बाप हाय," तो म्हणाला. "आगोट लागली का त्याला आमी पन वळखू येत नाय. उद्या माजं तसं व्हईल का, ते डॉक्टरला पन ठावं नाय."

गोमानं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. जावई हातचा गेला असंच येसूबाईला वाटलं.

"मंग बोलवा त्यांना," गोमा म्हणाला. "व्याही शेतावर नि सुपारी घरात, अशी कशी फुटल?"

आबाजी मातीच्या हातांनीच आला. सुपारी त्यानं फोडली आणि नामा सगळ्यांदेखत रडला.

काय माणसं होती ती! आबाजी गेला, गोमा गेला. बापाचं दुखणं नामाच्या वाट्याला आलं नाही, पण प्रत्येक आगोटीला त्यानं ते येईल म्हणून वाट पाहिली. मग लेक लग्नाचा झाला. पहिल्या स्थळाची माणसं ओटीवर चढतात न चढतात तोच नामा म्हणाला, "आमच्या घरात येड हाय. आधी ते ऐका, मंग चा घ्या."

माणसं तशीच उठून गेली. जनीनं चुलीवरचं चहाचं आधण उतरवलं नाही; दुसरं कुणी येईल, म्हणाली.