मामांचं वजन, क्रेनचा हात

त्या सकाळी मामांना दम म्हणून निघत नव्हता. टॉवर क्रेन चालवण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस रक्तदाब वाढला म्हणून खाली बसवला गेला होता, आणि जमीन त्यांना मुळीच मानवत नव्हती. पण गड्याने चालून चालून चपला झिजवल्या, जिभेला लगाम घातला आणि चांगलं बारा-तेरा किलो वजन उतरवलं. आज तपासणीत पास झालं, की पुन्हा वर!

"बघा डॉक्टर, ढेरी शोधून दाखवा!" दवाखान्यात शिरताशिरताच मामा गरजले.

"आधी शांत बसा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. थांबून पुन्हा मोजलं. "आज रक्तदाब वाढलाय. मागच्या खेपेला छान होता की हो. गोळी चालू आहे ना?"

"छे! वजनाबरोबर तिलाही सुट्टी दिली," मामा छाती फुगवून म्हणाले. "आजचा आकडा निव्वळ माझ्या घामाचा हवा होता."

शेजारी बसलेल्या मामींनी कपाळावर हात मारला. नवऱ्याचा हा पराक्रम त्यांनाही आत्ताच कळत होता.

"घाम वाया नाही गेला. वजन उतरलं म्हणून तर एका गोळीवर भागत होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वयाचं काय? साठीला टेकलात. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठ होत जातात, त्या चालण्याने पुन्हा तरुण होत नाहीत. आज दाखला नाही देता येणार."

मामांचं तोंड एवढंसं झालं. रडू यायचंच काय ते बाकी होतं. आणि मग ते ताडकन उठलेच.

"अगं, म्हणजे हात लांबला!"

"कुणाचा?" मामी दचकल्या.

"क्रेनचा गं! ओझं तेच असलं तरी हात जितका लांब, तितका ताण जास्त. मी आपला ओझं कमी करत बसलो, आणि इकडे वर्षागणिक हात लांबतोय! मग तोल सांभाळायला मागे वजन नको? ती गोळी म्हणजे मागचं वजन! आणि मी दीडशहाण्याने तेच काढून ठेवलं! वर असं केलं असतं, तर क्रेन आडवी झाली असती."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "तसं समजा हवं तर. पण गोळी घ्या आणि महिन्याने या."

महिन्याने दाखला हातात पडला आणि मामा तडक क्रेनपाशी. मागोमाग धापा टाकत मामी. शिडीला हात लावताना मामांचा ऊर आनंदाने भरून आला.

"अहो, हळू! वय झालंय आता!" मामी ओरडल्या.

एरवी एवढ्या बोलण्यावर मामा दिवसभर गाल फुगवून बसले असते. आज मात्र खालच्या साऱ्या कामगारांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"झालंय की! म्हणून तर औषध घेऊन चढतोय!"