लेलेच्या क्यूची शेपटी

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे आणि माझं नाव लेले. हसा खुशाल! आमच्या लामोंगान गावच्या बोलीत लेले म्हणजे मागूर मासा. रस्त्याकडेच्या तंबूंत तो तळून झणझणीत सांबल चटणीसोबत वाढतात. तंबूच्या पांढऱ्या कापडावर मासा, कोंबडी, बदक आणि खाली ऐसपैस रोमन अक्षरं रंगवलेली असतात. ती रंगवायचे पेंटर सार्मिदी.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला आणि कुंचले डब्यात गेले. दिवसभर ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायचे. त्यांची लेक रात्मी हिला ते बघवेना. तिने तंबू पालथे घालून बापाच्या जुन्या कापडांचे फोटो जमवले आणि एकेक अक्षर कॉम्प्युटरवर गिरवून मला घडवलं. माझा बी पोटफुगा, एम फेंगडा. पण मला पाहिलं की भूक लागते म्हणे! लोकांनी असं म्हटलं की मी फुशारून जायचो. सार्मिदींनी मात्र मला पाहून नुसतं ‘हं’ केलं.

मग रात्मीला मुलगी झाली. नाव ठरलं कोनिता, आणि ते लिहायचं क्यूने. बारशाच्या कापडावर आजोबांचंच अक्षर हवं, हा रात्मीचा हट्ट. तिने नाव टाइप केलं आणि पहिल्याच अक्षराच्या जागी रिकामी चौकट! मासा, कोंबडी, बदक, भात यांत क्यू लागतो कुठे? सार्मिदींनी तो जन्मात रंगवला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्मीने दुसऱ्या फॉन्टमधला क्यू उसना आणला. माझ्या अक्षरांत तो इस्त्रीचा शर्ट घालून तंबूत जेवायला आलेल्या साहेबासारखा दिसू लागला. सार्मिदी मागून बघत होते.

“हा कोण पाहुणा? के घाल की, कोण विचारतंय?”

“बाबा, नाव आहे तिचं. क्यू तुम्ही काढा.”

“हात हलतो गं.”

“हलू दे.”

सार्मिदींनी कुंचल्यांचा डबा उघडला. क्यूचं पोट झकास जमलं, पण शेपटी ओढताना हात थरथरला आणि तिला वेडेवाकडे वळसे पडले. ते पुसायला फडकं शोधू लागले. रात्मीने ते पाठीमागे लपवलं आणि म्हणाली, “बदक बसलंय बघा!” तेव्हा सार्मिदी किती तरी दिवसांनी पोट धरून हसले. बारशाला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हाताला धरून ते बदक दाखवलं. रात्मीने तो क्यू शेपटीसकट माझ्यात बसवला आणि मला तर आकाश ठेंगणं झालं.

सार्मिदी आता नाहीत. बाकी सगळं छान, तेवढी शेपटी सरळ करा, असं गिऱ्हाइकं रात्मीला सांगतात. ती करत नाही. मित्रांनो, तुम्हीही मला वापराल तेव्हा माझी वाकडी अंगं ओढून सरळ करू नका. त्यांत एका माणसाचा हात आहे.

परवा शाळेत कोनिताने आपलं नाव लिहिलं. बाईंनी क्यूची शेपटी खोडून सरळ काढून दाखवली. कोनिताने पाटी जवळ ओढली, शेपटीला पुन्हा वळसे दिले आणि म्हणाली, “बाई, क्यू असाच असतो.”